उद्या दुपारी तीन वाजता

कुणी दारातून "अर्जंट आहे" म्हणत आत आलं की काका आधी स्क्रू ड्रायव्हर शोधत. लांब दांड्याचा, पिवळ्या मुठीचा, कंपनी बंद झाली तेव्हा त्यांच्यासोबत बाहेर पडलेला. त्यांच्या कॉम्प्युटरच्या डब्याचं एका बाजूचं झाकण कायमचं काढलेलं असे आणि आत टेबलफॅनचा वारा सोडलेला असे. काका स्क्रू ड्रायव्हरचं टोक आतल्या हार्ड डिस्कवर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून घेत. मशिनवर आयुष्य काढलेली माणसं बेअरिंगचा आवाज असाच ऐकतात. मग डोळे उघडून म्हणत, "जिवंत आहे. बस. उघडेल."

आणि फाइल उघडेपर्यंत आपण बसायचं. माझं अर्धं बालपण त्या बसण्यात गेलं.

काका नात्याने आमचे कुणी नव्हेत. पिंपरीतल्या आमच्या वसाहतीत, आमच्याच ओळीत राहायचे. मूळचे लातूरकडचे. गिअर बनवणाऱ्या कंपनीत ते आणि पप्पा एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच खात्यात, होते. कंपनी बंद पडल्यावर पप्पांनी दुसरीकडे कंत्राटावर काम धरलं आणि युनियन सोडली नाही. काकांनी डीटीपीचा कोर्स केला आणि पुढच्या खोलीत, खिडकीशी, कॉम्प्युटर मांडला. वसाहतीतलं प्रत्येक पत्रक, प्रत्येक लग्नपत्रिका, जयंतीचा प्रत्येक फ्लेक्स त्या खिडकीतून निघाला. आमच्याकडे नुसतं जयंती म्हटलं की पुरतं, कुणाची ते विचारत नाहीत.

पप्पांनी लिहिलेला मजकूर काकांकडे पोचवायचं काम माझं असे. त्यामुळे मी अक्षरं जोडून वाचायला लागले ती "कामगार बंधूंनो" इथपासून. पुढे "आणि भगिनींनो" हे मी नववीत असताना काकांकडून घालून घेतलं. पप्पा म्हणाले, अगं, आमच्या शॉपमध्ये बाईमाणूस कधी नव्हतंच. मी म्हटलं, म्हणूनच घालायचं. काकांनी दोघांकडे पाहिलं, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला आणि घातलं.

त्यांच्या काही पद्धती होत्या आणि त्या मोडायला ते देवालाही तयार झाले नसते, अर्थात देव ते मानत नव्हतेच. पहिली पद्धत म्हणजे कोऱ्या पानावर काम करायचं नाही. कोरं पान समोर आलं की मला काही दिसत नाही, असं ते म्हणत. त्यांचं प्रत्येक नवीन पत्रक जुन्या पत्रकावर बेतलेलं असे. जुनं उघडायचं, नावं बदलायची, मागण्या बदलायच्या, नवीन नावाने ठेवून द्यायचं. बारशाच्या निमंत्रणातून शोकसभा निघे, बोनसच्या पत्रकातून लग्नपत्रिका. आणि मग जुन्यातलं काहीतरी हमखास राहून जाई. एका शोकसभेच्या पत्रकाखाली "सहकुटुंब येऊन कार्यक्रमाची शोभा वाढवावी" असं छापून आलं होतं. त्याहून मोठा घोटाळा एका लग्नाचा. पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात "आमच्या मागण्या मान्य झाल्याच पाहिजेत" हे तसंच राहिलं. मुलाकडचे म्हणाले, आम्ही तोंडाने काही मागितलं नाही आणि मुलीकडच्यांनी आमच्या नावावर हे छापलं कसं? मुलीकडचे म्हणाले, हे तुम्हीच घालायला लावलंत. शेवटी काका दोन्ही घरी जाऊन सांगून आले की या मागण्या दुसऱ्याच एका कंपनीच्या प्रेस शॉपच्या आहेत.

दुसरी पद्धत, काही पुसायचं नाही. एका पत्रकाच्या "नवीन", "नवीन दोन", "फायनल", "खरं फायनल" अशा सगळ्या फाइली जागेवर. ज्या सभेचं पत्रक काढलं त्या सभेला स्वतः जाऊन मागे उभं राहून व्हिडिओ काढायचा, तोही ठेवायचा. मी विचारलं, व्हिडिओ कशाला? तर म्हणाले, "बोलावलं आपण. माणसं आली का नाही, ते बघायला नको?" स्वतः ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत कुठल्या सभेत.

तिसऱ्या पद्धतीवरून आमचं कायम भांडण होई. काका पत्रकावर साल टाकत नसत. तारीखही नाही. "उद्या दुपारी ठीक तीन वाजता गेटसमोर", बस. तीन ही पाळी बदलायची वेळ, पहिल्या पाळीचे बाहेर येतात, दुसरीचे आत जातात, म्हणून आमच्या पट्ट्यातल्या सभा तीनलाच होतात. आणि पत्रक आदल्या दिवशी हातात पडतं, म्हणून उद्या. ज्याच्या हातात पडलं त्याला कळतं.

माझं म्हणणं असं की हा गुन्हा आहे. मालकांच्या कंपन्यांचे इतिहास जाड कागदावर छापून येतात, त्यात पायाभरणीची तारीख वारासकट असते. आणि आमची माणसं कुठल्या साली उपाशी बसली ते कुणाला सांगता येत नाही. मी हे सगळं काकांना उभं राहून ऐकवलं. म्हटलं, पन्नास वर्षांनी कुणी हे वाचलं तर त्याला काय कळणार?

"पन्नास वर्षांनी त्याला गेटवर यायचंय का?" काकांनी विचारलं. खरंच विचारलं. त्यांना उत्तर हवं होतं. त्याचा मला आणखी राग आला.

मी कॉलेज संपवून चाकणच्या बाजूला कंत्राटी कामगारांच्या संघटनेत जायला लागले, त्या सुमाराला काकांची डिस्क टकटक करू लागली. फाइल उघडायला आधीच वेळ लागे, आता मधेच सगळं थांबे आणि आत कुणीतरी नखाने पत्रा वाजवल्यासारखा आवाज येई. काकांनी मूठ कानाला लावली, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग दवाखान्याच्या बाहेर नातेवाइकांना सांगतात तशा आवाजात म्हणाले, "बेअरिंग गेलं."

डिस्क बदलायला हवी होती, लवकर. त्यात त्यांचं सगळं होतं. ते जुन्या मराठी फाँटमधलं असल्याने दुसऱ्या कुठल्याही मशिनवर उघडलं की मराठीच्या जागी नुसता चिन्हांचा चिखल दिसे. डिस्क मेली की वसाहतीने आजवर जे जे म्हटलं होतं ते गेलं, इतकं ते सरळ होतं.

माझा दादा हिंजवडीला आयटी कंपनीत आहे. त्याने काकांना समजावलं. एक जुन्या पद्धतीची, आत तबकडी फिरणारी डिस्क. मोठी, दोन जन्मांचं मावेल इतकी, पण संथ. दुसरी नवीन पद्धतीची, आत काहीच फिरत नाही. फाइल डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते. पण तेवढ्याच पैशात ती लहान येते, काकांचं सगळं काही तिच्यात मावणार नाही.

"मग मोठी का जलद?" काका म्हणाले, आणि पुढचा बराच काळ ते दुसरं काही म्हणालेच नाहीत.

सकाळी मोठी ठरलेली असे. दुपारी जेवल्यावर जलद. संध्याकाळी ते आमच्या दारात येऊन पप्पांना सांगत की दोन्हीत खोट आहे. त्यांनी दूधवाल्याला विचारलं. पीएमपीच्या कंडक्टरला विचारलं, तो म्हणाला पुढे सरका. दवाखान्यात ब्लडप्रेशर तपासताना डॉक्टरांना विचारलं, मोठी घ्यावी का जलद, तर डॉक्टर म्हणाले सकाळी एक, उपाशीपोटी. काकू म्हणाल्या, "यांना मंडईत पाठवलं तर मेथी का पालक यात संध्याकाळ होते. शेवटी बटाटे घेऊन येतात."

एका रविवारी दादा वैतागून म्हणाला, दोन्ही लावू. एवढी सोपी गोष्ट आपण आधी का नाही बोललो असं मला वाटलं. दादाने काकांच्या जुन्या कंपनीचंच उदाहरण दिलं. "काका, मशिनशेजारी तुमचं टेबल होतं ना? रोजची चार हत्यारं टेबलावर, बाकी सगळं स्टोअरला. लागलं की चिठ्ठी द्यायची, आणायचं. लहान जलद डिस्क म्हणजे टेबल. मोठी म्हणजे स्टोअर."

काकांनी विचारलं, "टेबलावर कुठली ठेवायची ते कोण ठरवणार?"

"तुम्हीच. रोज लागतात ती."

"म्हणजे ज्याचं काम पडतं तो पुढं. ज्याचं पडत नाही तो मागं, संथ."

"हो."

"आणि मागच्याला पुढं यायचं असलं तर?"

"तुम्ही आणलं तरच येईल ना तो."

काकांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "अरे बाबा, हे तर गावच झालं. वेशीच्या आतले आणि वेशीबाहेरचे. माझा आजा जे सोडून आला, ते मी दुकानातून विकत आणून ह्या डब्यात बसवू?"

दादा माझ्याकडे बघायला लागला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. इतकी वर्षं मी व्यासपीठांवरून समतेबद्दल ऐकत होते, पण वायरींच्या जुडग्यात कुणी ती शोधली नव्हती. काकू मात्र आतून म्हणाल्या, "चला, तोही रस्ता बंद झाला." घरी जाताना दादाने विचारलं, "ते चेष्टा करत होते ना?" ते मला अजूनही सांगता येणार नाही. त्यांचा चेहरा चेष्टा करताना आणि न करताना एकसारखाच असे.

दरम्यान चाकणजवळच्या निघोज्याचं प्रकरण आलं. तिथल्या एका कंपनीत कंत्राटी कामगारांना जेवायला कँटीनच्या मागच्या दाराने जावं लागे, कायमचे कामगार जेवून उठल्यावर, वेगळ्या ताटात. काही जण त्यावर बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांचे गेटपास चालेनात. आम्ही गेटसभा ठरवली. पत्रक आदल्या दिवशी तीनच्या आत गेटवर पोचायला हवं होतं.

मी सकाळीच मजकूर घेऊन काकांकडे गेले. त्यांनी बेतायला एक जुनं पत्रक उघडायला घेतलं आणि डिस्क टकटक करत बसली. ती उघडेपर्यंत काकांनी माझा मजकूर वाचला.

"नराधम तीनदा आलंय," ते म्हणाले. "मॅनेजर तीन आहेत का?"

"एकच आहे. पण आहेच तो तसा."

"असू दे की. कशाला तापायलीस? मला एवढंच सांग, दार कुठं आहे?"

"कुठलं दार?"

"जेवायचं. मागचं. तू बोलायलीस भांडवलशाहीच्या जबड्याबद्दल. दार दिसेना मला."

दार चौथ्या परिच्छेदात होतं. आम्ही भांडलो. जबडा खाली गेला, दार वर आलं. "जेवायला मागच्या दाराने का?" ही ओळ सगळ्यांत वर, मोठी. नराधम एक राहिला, तो मी सोडला नाही, आणि आजही सोडणार नाही. साल टाका म्हटलं, ते हो म्हणाले. एवढं सगळं होईस्तोवर फाइल उघडली, बंद पडली, पुन्हा उघडली. काकांनी घाईघाईत काम उरकलं, मी त्याचं चित्र करून पेनड्राइव्हवर घेतलं, छापून घेतलं आणि बसने निघाले. तळवड्याच्या चौकात बस अडकली.

निघोज्याला पोचले तेव्हा तीनची गर्दी आत-बाहेर होऊन गेली होती. गेटवर वॉचमन आणि एक कुत्रं. पत्रकांचा गठ्ठा हातात घेऊन मी पहिल्यांदा ते नीट वाचलं. साल नव्हतं. आणि तळाशी कुठल्याशा बारशातलं "सहकुटुंब यावे" राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सभेला आम्ही संघटनेचे होतो, गेटपास बंद झालेले कामगार होते आणि तोच वॉचमन होता. आतल्यांना सभा आहे हे कळलंच नव्हतं. मागचं दार होतं तसंच राहिलं.

मी काकांकडे जाऊन बोलले. म्हटलं, तुम्हाला सगळं साठवून ठेवायचंय आणि जे आज पेटलंय त्याला तुम्ही वेळेवर हात देत नाही. जलद घ्या. असल्या साठ्याचा उपयोग काय? काका स्क्रू ड्रायव्हर डिस्कला लावून ऐकत राहिले. काकू म्हणाल्या, "आज त्यांना तुझं ऐकू यायचं नाही. तू जेवून जा."

पुढच्याच आठवड्यात ते दुकानात गेले आणि जलद घेऊन आले. बिस्किटाएवढी, हलकी. का घेतली हे त्यांनी प्रत्येकाला वेगळं सांगितलं. काकूंना म्हणाले, हिचा आवाज येत नाही, तुला दुपारी झोप लागेल. पप्पांना म्हणाले, दुकानात हीच होती. दादाला म्हणाले, तू सांगितलं म्हणून. मला म्हणाले, "तुझ्या पत्रकाला उशीर झाला ना." चारपैकी कुठलं खरं होतं मला माहीत नाही. मी माझं खरं धरलं असतं, पण दादानेही त्याचं खरं धरलं होतं.

जलद डिस्क खरोखर जलद होती. काका फाइलीवर बोट ठेवत आणि ती समोर. त्यामुळे त्यांचा फार गोंधळ होऊ लागला. माणूस दारात यायच्या आत पत्रक उघडलेलं, आता तो आला की बोलायचं काय? चहा मांडायलाही वेळ नाही. सवयीने ते स्क्रू ड्रायव्हर टेकवत, मूठ कानाला लावत आणि कपाळाला आठ्या घालत. आत काही फिरतच नव्हतं. "जिवंत आहे का मेली, कळंना," म्हणत.

आणि जे मावलं नाही त्याचं काय? जुनी डिस्क अजून शेवटचे श्वास घेत होती. दादा म्हणाला, नको ते पुसा, हवं ते ठेवा. काका म्हणाले, माझं आहे का ते, पुसायला? मग त्यांनी जे केलं ते कुणाच्याच डोक्यात आलं नसतं. ज्याचं त्याला परत द्यायला लागले. व्हिडिओ पेनड्राइव्हवर भरून युनियनला आणि जयंती मंडळाला पोचवले. आणि एकेका पत्रकाचं चित्र करून व्हॉट्सअॅपवर ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. त्यांच्या मोबाइलमध्ये माणसांची नावं कामावरून ठेवलेली होती, "बोनस", "उपोषण भाऊ", "पुनावळे लग्न". सोबत कसलाही खुलासा नाही. दोन लेकरांच्या बापाला त्याच्या साखरपुड्याचं निमंत्रण गेलं. वेगळ्या झालेल्या एका नवरा-बायकोला दोन घरी एकच पत्रिका गेली. माणसं फोन करून विचारत, काका, हे काय आहे? काका म्हणत, "तुमचंच आहे. ठेवा. माझ्याकडे जागा नाही."

एके दिवशी दुपारी मी जेवत होते आणि पप्पा शर्ट घालत होते. इस्त्रीचा.

"कुठे?"

"गेटवर. काल संध्याकाळी काकांचं पत्रक आलंय. उद्या तीनला सभा म्हणून."

मी त्यांचा मोबाइल पाहिला. "कामगार बंधूंनो, उद्या दुपारी ठीक तीन वाजता गेटसमोर. एकानेही घरी बसू नये." त्यात भगिनी नव्हत्या, म्हणजे पत्रक माझ्या नववीच्या आधीचं, बंद गेटवरच्या सभांच्या दिवसांतलं. मी पप्पांना म्हटलं, कंपनी कधीच बंद झाली, तिथे आता फ्लॅटचे टॉवर उभे आहेत. ते म्हणाले, कामगारांची केस आहे ना अजून कोर्टात, काहीतरी झालं असेल, नाहीतर काका उगीच कशाला बोलावतील? फोन लावला तर काका उचलत नव्हते, त्यांच्या दारालाही कुलूप होतं. मग मीही निघाले. पप्पांना तिथे एकटं उभं राहावं लागेल, ही कल्पना मला सहन होईना.

पप्पा एकटे नव्हते. टॉवरच्या कमानीखाली म्हातारी माणसं जमली होती. कुणाच्या गुडघ्याला पट्टा, कुणी घरच्या स्लिपरवर. सगळ्यांच्या हातात मोबाइल आणि मोबाइलवर तेच पत्रक. त्यांच्या वेळी हजेरी लावायची, टाइम ऑफिसची केबिन होती, ती आता सोसायटीच्या सिक्युरिटीची आहे. रंग तेवढा बदललाय. आतल्या वॉचमनने विचारलं, "किस फ्लॅट में जाना है?"

"फ्लॅटमदी न्हाई," पुनावळ्याचे अण्णा म्हणाले. अण्णा पप्पांच्या आणि काकांच्या शॉपमधले, पुनावळं गाव होतं तेव्हापासूनचे तिथले. "आमी गेटवर आलोय. सभा हाय."

तेवढ्यात बसमधून काका उतरले. हातात कापडी पिशवी. इतकी माणसं पाहून ते रस्त्यातच उभे राहिले. एक जण म्हणाला, या, तुमचीच वाट बघतोय, केसचं काय झालं? दुसऱ्याने विचारलं, निकाल लागला का? सगळे एकदम बोलायला लागले.

"केसचं मला काही माहीत नाही," काका म्हणाले. "मी तुमचं तुम्हाला परत दिलं. ठेवा म्हणून. सकाळपासून बघतोय तर सगळ्यांचं येतो, येतो. म्हटलं आता नको कसं म्हणायचं? म्हणून मीच आलो."

पप्पांनी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. "मग हे उद्या काय लिहिलंय?"

"ते तेव्हाचं उद्या."

मला वाटलं आता हे सगळे त्यांच्या अंगावर जातील. साल टाका, साल टाका म्हणून मी घसा फोडला होता, तो याच दिवसासाठी, असंही मला वाटलं. पण माणसं मोबाइलकडे बघत होती, टॉवरकडे बघत होती. मग अण्णा म्हणाले, "त्या वक्ताच्या सभेला मी न्हवतो आलो. भैणीचं लगीन व्हतं. आता आलोय तर घे की सभा. माझी ऱ्हायलीय."

"कशाची सभा, अण्णा? कंपनी नाही."

"आमी हाय ना."

आणि सभा झाली. मी पाहिली म्हणून सांगते, नाहीतर माझा विश्वास बसला नसता. मागणी कुणाकडे करायची होती हे कुणालाच माहीत नव्हतं. जो तो एक पाऊल पुढे येऊन आपण कुठल्या शॉपला होतो ते सांगत होता आणि आपल्या मशिनवरचा जो आता नाही त्याचं नाव घेत होता. वॉचमन केबिनबाहेर येऊन उभा राहिला. शेवटी घोषणा द्यायची का यावर मतभेद झाले. एक जण म्हणाला, वर फ्लॅटमध्ये लहान लेकरं झोपली असतील. त्यावर चर्चा झाली, आणि घोषणा दिली गेली, पण हळू आवाजात. मी आयुष्यात इतक्या घोषणा दिल्या, इतकी हळू कधी ऐकली नव्हती. मला हसू येत होतं का रडू, ते त्या वेळी ठरलं नाही, नंतरही ठरलं नाही.

काका नेहमीच्या जागी, सगळ्यांच्या मागे उभे होते. मोबाइल धरून व्हिडिओ काढत होते. अण्णा त्यांना म्हणाले, तूबी बोल दोन शब्द. काकांनी नको म्हणून मान हलवली. एकेक चेहरा घ्यायला ते मोबाइल फिरवत होते, त्यामुळे व्हिडिओत टॉवर हलताना दिसतात.

परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. बराच वेळ मोबाइल उलटसुलट करत राहिले. मग विचारलं, "आता हे कुठं ठेवू? तिथं जागाच नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "मोठीच घ्यायला हवी होती का गं?"

मी एरवी कशालाही उत्तर देते. माझ्यासमोर ती टकटक करणारी डिस्क आली, निघोज्याचं रिकामं गेट आलं, आणि हळू आवाजातली ती घोषणा आली. जलद घ्या असं मीच म्हटलं होतं, आणि ते बरोबरच होतं. मग हे काय होतं? मी म्हटलं, "माहीत नाही, काका." त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं.

काका आणि काकू आता लातूरला लेकीकडे असतात. कॉम्प्युटर सोबत नेलाय. जुनी डिस्कही नेली आहे, मेलेली, काकू तिला वरवंट्यासारखी कागदांवर ठेवतात. वसाहतीत आता पत्रकं मोबाइलवरच बनतात, झटपट, रंगीत. त्यांच्यावर साल असतं, वार असतो, वेळ असते. माणसं येतातच असं नाही.

परवा माझ्या मोबाइलवर काकांकडून एक चित्र आलं. सोबत कसलाही खुलासा नाही. "जेवायला मागच्या दाराने का?" सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात. खाली एक नराधम. त्याखाली उद्या दुपारी ठीक तीन वाजता, कंपनीच्या गेटसमोर. आणि तळाशी, सहकुटुंब यावे.

मी फोन लावला. म्हटलं, काका, तुम्ही मला माझंच जुनं पत्रक पाठवलंय.

"जुनं कसं?" ते म्हणाले. पलीकडे टेबलफॅनचा आवाज येत होता. "दार बदललं का त्यांनी?"

"नाही."

"मग बघ बाई तू. मला काय कळतं?" आणि फोन ठेवला, नेहमीसारखा, मधेच.

मला अजूनही वाटतं की पत्रकावर साल असायला हवं. मी ते चित्र घेऊन छपाईच्या दुकानात गेले, साल टाकून घ्यायचं असं ठरवूनच. काउंटरवरच्या माणसाने ते स्क्रीनवर मोठं केलं आणि विचारलं, "ताई, यात काही बदल?"

मी पहिल्या ओळीपासून "सहकुटुंब"पर्यंत सगळं वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

"नाही," मी म्हटलं. "आहे तसंच छापा. उद्या तीनला लागतंय."